फुल लॉक मारताच कशाला?

वळताना माझ्या जीपच्या पुढच्या चाकातून आवाज येतो, म्हणून काल चिपळुणातल्या गॅरेजात 6,400 रुपये मोजले, आणि पावतीसोबत मेस्त्रीचा सल्ला फुकट मिळाला. "दादा, फुल लॉक मारताच कशाला? थोडं कमी वळवायचं. आवाज नाय येणार."

फुल लॉक म्हणजे स्टेअरिंग पार शेवटपर्यंत वळवणं. थोडं कमी वळवायचं! अरे बाबा, मी कोकणात राहतो, विमानतळावर नाही. आमच्या पाणंदीतून बाहेर पडताना डाव्या हाताला जांभ्याचा गडगा, उजव्या हाताला शेजाऱ्यांचा फणस, आणि बरोब्बर वळणावर कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून उगवलेला विजेचा खांब. तिथे थोडं कमी वळवलं की फणसाला मिठी. मग काय करू, स्टेअरिंग सरळ धरून थेट समुद्रात जाऊ? दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेलं तर "चालताच कशाला" म्हणण्यातला प्रकार. आणि त्याचे 6,400!

बरं, कमी वळवूनही पाहिलं असतं. पण आज सकाळी धोपाव्याच्या जेट्टीवरून गाडी फेरीबोटीवर चढवायची होती. पलीकडे दाभोळला लग्न, शेजारी आई, तिच्या मांडीवर आहेराची पिशवी. उतारावर शेवाळ, म्हणून हब लॉक केले, म्हणजे पुढची चाकं त्यांना फिरवणाऱ्या एक्सलच्या दांड्यांना जोडली, आणि फोर बाय फोर टाकला, चारही चाकांना जोर. बोटीवरचा पोऱ्या हातवारे करत ओरडतोय, "रिव्हर्स घ्या! मारा फुल! अजून मारा, अजून!" मारलं फुल. पुढच्या डाव्या चाकातून कट... कट... कटाक्. अडकित्त्यात अख्खी सुपारी घालून कुणीतरी राक्षस कातरतोय असा आवाज. मागचे रिक्षावाले खाली उतरून बघायला लागले. टेम्पोतलं वऱ्हाड गप्प झालं. वऱ्हाड गप्प होणं म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. काठी टेकून उभे असलेले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "एक्सल बोलतोय तुमचा."

दहा सेकंद. खाली न वाकता. तीन गॅरेजांना चार महिन्यांत जे कळलं नाही ते.

आईला लाजेने उतरून चालत बोटीवर जायचं होतं. पण आमची जीप आता इतकी उंच आहे की तिला चढायला-उतरायला पाट लागतो, आणि पाट मागे सामानाखाली गेला होता. बसून राहिली बिचारी, पदर तोंडाला लावून.

आतापर्यंत काय काय बदललं ते ऐका. दोन बेरिंगं. खालचा बॉल जॉइंट. टाय रॉड एंड. लिंक रॉडच्या बुशा. प्रत्येक वेळी "आता बघा मख्खन." अहो, बेरिंग घुंऽऽ करतं! वेग वाढला की घुं वाढतं, वळताना वजन एका अंगाला गेलं की त्याचा सूर बदलतो. बॉल जॉइंट खड्ड्यात धाडकन वाजतो. दोघांपैकी कुणीही जोर लावून वळवल्यावरच, चाकाच्या फेऱ्याबरोबर ताल धरून कट-कट करत नाही. हे सांगितलं तर चेहऱ्यावर काय भाव? "मेस्त्री तुम्ही का आम्ही?"

एकाने तर मलाच शिकवलं की सिमेंटवर फोर बाय फोर टाकून वळवली की गाडी अडतेच. अडते, मान्य! पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर सारखं अंतर पडत नाही, मध्ये तो फरक सांभाळणारा डिफरन्शियल नाही, ताण साठतो. पण मी वाळूतलं सांगतोय! डिसेंबरात किनाऱ्यावर रील काढायला गाडी घातलेल्या, आणि भरती ही काय चीज असते ते माहीत नसलेल्या पाहुण्यांना दोर लावून ओढत होतो तेव्हाचं. (गाडी निघाल्यावर काच वर करून गेले. थँक्यू नाही. माझा दोरही गेला त्यांच्याबरोबर.)

आणि हब. माझ्या जीपला हाताने फिरवायचे हब आहेत. मोकळे केले की चाकाचा आणि एक्सलचा संबंध तुटतो, एक्सल फिरतच नाही. मी मोकळे करून टू व्हीलमध्ये चालवली, डावं फुल, उजवं फुल: चिडीचूप. लॉक करून फोर बाय फोरमध्ये जोर दिला: कट-कट. याहून सोपा पुरावा कोर्टातही मिळत नाही. चिपळूणच्या त्या महाशयांना हे सगळं नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "मग हब मोकळेच ठेवा की."

वळवू नका. हब लावू नका. पुढच्या वेळी म्हणतील, चावी लावताच कशाला.

त्यासाठी 45 किलोमीटर जा, 45 किलोमीटर या. आणि आवाज खरंच एक्सलचा निघाला तर? "पार्ट मुंबईहून मागवायला लागेल." आमच्याकडे सगळंच मुंबईहून येतं. पार्ट, चाकरमानी, सल्ले. येतं ते 2011 साली रुंदीकरण सुरू झालेल्या हायवेवरून, त्यामुळे कधी येतं ते विचारू नये. गणपतीत येणारा एक भाचा दर वर्षी माझ्या फाटकासमोर गाडी लावून झोपतो, त्याचा इथे काही संबंध नाही, पण आठवला की डोकं उठतं.

तर दुपारी लग्नातून परत आलो (हब मोकळे करून, कुणाशी न बोलता), अंगणात जॅक लावला, खाली लाकडाचे ठोकळे ठेवले आणि टॉर्च घेऊन स्वतः खाली शिरलो. दोन मिनिटं लागली. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं, रिमवर गोल पट्टाच्या पट्टा. सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलं तरी एक्सलला फिरता ठेवणारा सांधा, त्याच्या रबरी बुटाला, घडीच्या खोबणीत, बोट जाईल एवढी चीर. आत ग्रीस नाहीच, वाळू. बोटांवर चोळली तर कर्रकर्र. हे आंधळ्यालाही हाताला लागलं असतं! दोन बेरिंगं बदलताना ज्याने ते चाक दोनदा उतरवलं, त्याच्या नाकासमोर होतं!

मग टॉर्च जरा वर नेला. एक्सल डिफरन्शियलमधून निघून चाकाकडे उतरत होता माडीच्या जिन्यासारखा. तसाच पडून राहिलो बराच वेळ. कारण तो जिना बांधला कुणी?

मी. दिवाळीत. टॉर्शन बारचे, म्हणजे पुढच्या बाजूला स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्यांचे, बोल्ट पिळून गाडी पुढून 2 इंच वर घेतली. घरी कारण सांगितलं पाणंदीतला मधला उंचवटा. खरं कारण मेव्हण्याची जीप. फोटोत माझी तिच्याशेजारी बसलेल्या कोंबडीसारखी दिसायची. मग काय, सरळ रस्त्यावरसुद्धा जॉइंट वाकडा चालणार. वर फुल लॉक मारलं की आतल्या गोळ्या खाचांच्या कडेला. बुटाच्या घड्या वरून एकमेकींवर घासणार, खालून ताणणार, फाटणार. ग्रीस बाहेर, खारं पाणी आत. गाडी उचलली की डिफरन्शियलही थोडा खाली घ्यायचा असतो, त्याचे स्पेसर, म्हणजे मध्ये घालायचे ठोकळे, लावायचे असतात. उचलून देणाऱ्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण त्याचे पैसे वेगळे पडले असते. अलाइनमेंटही तेव्हा "नंतर बघू" म्हणून सोडली होती. टायर एका कडेने खाल्ला गेला तेव्हा शिव्या कंपनीला घातल्या.

म्हणजे "फुल लॉक मारताच कशाला" या प्रश्नात तसं... नाही. नाही! त्याला ते माहीत नव्हतं! त्याने खाली वाकून पाहिलंच नव्हतं! 6,400 रुपये त्याने बेरिंगाचे घेतले, तत्त्वज्ञानाचे नाही!

उजव्या बाजूचा बूटही पाहिला. फाटलेला नाही अजून, पण भेगा धरल्यात. दोन्ही एक्सल सांगितलेत, एसटीच्या पार्सलने येतील. तोवर बोल्ट सैल करून गाडी दीड इंच खाली घेतली. मेव्हण्याला कळवलेलं नाही.

संध्याकाळी आई ओटीवर आली, जीपकडे बघितलं, पायरीवर पाय ठेवून पाटाशिवाय चढून बसली आणि उतरली. म्हणाली, "मग आता पाट देवापुढे परत ठेवू ना?"

ठेव म्हटलं. दुपारी गाडीखाली मी तोच डोक्याखाली घेतला होता. खालच्या पट्टीला ग्रीस लागलंय, ते तिने अजून पाहिलेलं नाही.