शुक्र केशरी का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया वाचली. खाली चार ओळी खरडून भागलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सेलेस्टिया या अवकाश दाखवणाऱ्या संगणक-प्रोग्रॅममध्ये ग्रहांचे टेक्स्चर, म्हणजे गोळ्यावर गुंडाळायचे नकाशे, कसे बदलायचे या माझ्या लेखावर सरांचे तीन आक्षेप आहेत. एक, नासाचे नकाशे असताना मी शुक्र पांढरट आणि नेपच्यून फिका केला, हा आगाऊपणा आहे. दोन, मुलांना पुस्तकात दिसतो तोच ग्रह पडद्यावर दिसला पाहिजे. तीन, 8के (8192 पिक्सेल रुंद) नकाशे फुकट मिळत असताना मी शाळांना 4के आणि त्याहून लहान नकाशे सुचवतो, म्हणजे मराठी शाळेतल्या पोरांच्या माथी दुय्यम माल.

आधी शुक्र. तो संध्याकाळच्या आकाशात असेल तेव्हा दादर चौपाटीवर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. सी लिंकचे दिवे, धुरकट हवा, सगळ्यावर मात करून शुक्राची चांदणी दिसतेच, आणि क्षितिजाला टेकायच्या आधी ती स्वच्छ पांढरी दिसते. पुस्तकातला केशरी, भेगाळलेला गोळा डोळ्यांना कधीच दिसणार नाही, कारण तो फोटो नव्हेच. मॅगेलन यानाने 1990 ते 1994 या काळात ढगांच्या आरपार रडार सोडून शुक्राचा सुमारे 98 टक्के पृष्ठभाग टिपला. रडारला रंग कळत नाही. ढोबळमानाने खडबडीत जागा उजळ आणि सपाट जागा काळपट, इतकंच त्याला समजतं. केशरी छटा नंतर चढवली, ती 1982 साली तिथे उतरलेल्या सोव्हिएत व्हेनेरा 13 आणि 14 यांनी पाठवलेल्या चित्रांच्या आधाराने. बरं, ते दगड तरी केशरी आहेत का? तिथलं दाट वातावरण निळा प्रकाश गाळून टाकतं, म्हणून त्या उजेडात सगळंच केशरी दिसतं. तेच दगड आपल्या उन्हात ठेवले तर करडे दिसतील.

म्हणजे रंग नासाच्या लोकांनीही चढवलाच. फक्त त्यांनी तसं लिहून ठेवलं, आणि चित्र पुढे पुढे छापलं जाताना ती ओळ गळाली.

नेपच्यूनचं तेच. व्हॉयेजर 2 यान तिथून 1989 च्या ऑगस्टमध्ये गेलं. ढगांचे पट्टे उठून दिसावेत म्हणून त्या चित्रांचा निळा रंग गडद केला होता, आणि तेव्हा चित्राखाली तशी टीपही होती. जानेवारी 2024 मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन आणि सहकाऱ्यांनी नव्या निरीक्षणांशी ताडून रंग पुन्हा बसवले, तेव्हा नेपच्यून जवळपास युरेनससारखाच फिका हिरवट-निळा निघाला, जरासाच जास्त निळा. माझं टेक्स्चर त्यावर बेतलेलं आहे. पुस्तक बदलेल तेव्हा बदलेल, पडद्यावरचा ग्रह तोवर थांबवून का ठेवायचा?

पृथ्वीचा नकाशाही मी बदललाय, त्याबद्दल मात्र तुम्ही चकार शब्द काढला नाहीत! नासाच्या ब्लू मार्बल मालिकेत 2004 सालच्या बारा महिन्यांचे बारा नकाशे आहेत. मे महिन्यातला सह्याद्री तपकिरी, ऑक्टोबरातला हिरवा. मी ऑक्टोबरचा लावला. तो खटकला नाही, कारण पावसाळ्यानंतर कसारा घाटातून गाडी जाताना तुम्ही तो हिरवा पाहिलेला आहे.

आता मूळ मुद्दा. तुम्ही ज्याला 'मूळ नकाशा' म्हणता त्यात मोजलेलं किती आणि भरलेलं किती, हे ग्रहागणिक बदलतं. युरेनसचे चंद्र घ्या. तिथे आजवर एकच यान गेलं, व्हॉयेजर 2, जानेवारी 1986 मध्ये. तेव्हा त्या चंद्रांचे दक्षिण गोलार्ध उजेडात होते आणि उत्तरेचा बराचसा भाग अंधारात. म्हणजे मिरांडा किंवा एरियलचा पूर्ण गोल झाकणारा जो सुबक नकाशा दिसतो, त्यातला मोठा भाग कुणीतरी अदमासाने रंगवलेला आहे. सेलेस्टिया करणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून त्यात 'लिमिट ऑफ नॉलेज' नावाचे पर्यायी पृष्ठभाग आहेत: जेवढं पाहिलंय तेवढंच दाखवायचं. मुलांना एकदा ते लावून दाखवा. प्रश्नांचा भडिमार होतो.

याच सोयीमुळे मला मूळ नकाशा फेकायची गरज पडत नाही. सेलेस्टियाच्या एक्स्ट्राज फोल्डरमध्ये माझी चित्रं आणि एक छोटी एसएससी फाइल (सेलेस्टियाला सूचना देणारी मजकुराची फाइल) ठेवायची, तिच्यात 'ऑल्टसरफेस' लिहून पर्यायाचं नाव, ग्रहाचं नाव आणि चित्राच्या फाइलचं नाव द्यायचं. मग ग्रहावर राइट क्लिक केलं की मेनूत पर्याय येतात. मी शुक्राच्या दोन पर्यायांना 'रडार' आणि 'डोळा' अशी नावं दिलीत. तुमचा केशरी शुक्र शाबूत आहे, फक्त तो कशाने पाहिलेला आहे हे आता नावातच कळतं.

रंगाबाबत मी सैल आहे, आकाराबाबत अजिबात नाही. मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स सुमारे 22 किलोमीटर उंच, पण पसारा 600 किलोमीटरचा. चढ इतका मंद की उभ्या माणसाला डोंगर जाणवणारही नाही. नॉर्मल मॅपचा (उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्राचा) जोर वाढवून त्याचा सुळका करणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि मुलांची खरी दिशाभूल होते ती अर्ध्या फेरीने सरकलेल्या नकाशामुळे. सेलेस्टियाला शून्य रेखांश चित्राच्या मध्यावर हवा असतो. मंगळाचे काही नकाशे शून्यापासून 360 पर्यंत असतात, म्हणजे मध्यावर 180. तो तसाच चिकटवला की ऑलिंपस मॉन्सचं लेबल भलतीकडे, अरेबिया टेराच्या खड्ड्यांच्या बाजूला जाऊन बसतं. रंग मात्र झकास, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. गिंप या चित्रं सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये ऑफसेट उघडून रुंदीच्या निम्म्याने सरकवलं की झालं. मग मधोमध शिवण दिसते का ते पाहायचं.

राहिला 8के. डिस्कवर जेपीजी लहान दिसते म्हणून फसायला होतं. ग्राफिक्स कार्डात गेल्यावर 8192 बाय 4096 चं चित्र उलगडून 128 एमबी होतं, मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान-लहान प्रती) धरले तर 170 च्या आसपास. असे चार-पाच ग्रह लावले की शाळेतला जुना पीसी आचके देतो. बरं, एवढं करून मिळतं काय? पृथ्वीवर 8के चा एक पिक्सेल जवळजवळ पाच किलोमीटर, म्हणजे कुलाब्यापासून शीवपर्यंतची अख्खी मुंबई तीन-चार पिक्सेलांत आटोपते. चंद्र आणि मंगळावर तपशील खच्चून आहे, तिथे 8के ला अर्थ आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या शुक्राला आणि नेपच्यूनला 1024 सुद्धा पुष्कळ, कारण तिथे दाखवायलाच काही नाही.

तुमच्या शाळेसाठी चंद्राचा 8के नकाशा डीडीएसमध्ये (ग्राफिक्स कार्डाला थेट वाचता येणाऱ्या फाइल-प्रकारात), डीएक्सटी1 कॉम्प्रेशनने करा. तेच 128 एमबी मग 16 वर येतात. नॉर्मल मॅप मात्र डीएक्सटी1 किंवा जेपीजी करू नका, पीएनजीच ठेवा, नाहीतर सपाट मैदानावर चौकटी उमटतात. पीसीत ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे ते कळवलंत तर बाकीच्या ग्रहांचे आकार ठरवून देतो.