चार बाजू मोजून जमीन कळत नाही, दादा

हा मेसेज गेले काही महिने फिरतोय आणि मी तो वाचून सोडून देत होते. पण परवा आमच्या दादानं तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'प्लॉटचा हिशोब याच पद्धतीनं केलाय, सोमवारी इसार देतोय.' मी आठवीला गणित शिकवते. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज थोडक्यात असा. जमीन कितीही वेडीवाकडी असो, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा, दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करा, 'अचूक' क्षेत्रफळ हातात. हे प्राचीन भारतीय सूत्र इंग्रजांनी दडपलं. मोजणीवाले जागेचे तुकडे पाडतात आणि तिथंच घोळ होतो, कारण तुकडे पाडले की क्षेत्रफळ बदलतं (सोबत 'पुरावा' म्हणून व्हिडिओ). कुंपणाला तार सारखी लागली तर जमीनही सारखीच. एक गुंठा म्हणजे हजार चौरस फूट. मोजणीची फी वाचवा, दहा जणांना पाठवा.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून त्यावरच जास्त बोलते.

एक चौकोनी जागा घ्या. बाजू ओळीनं 60, 80, 100 आणि 120 फूट. मेसेजप्रमाणे 60 आणि 100 ची सरासरी 80, 80 आणि 120 ची सरासरी 100, म्हणजे 8000 चौरस फूट. आता टेप घेऊन एक जादा माप घ्या, ते म्हणजे कर्ण. 60 आणि 80 च्या बाजू जिथं मिळतात तो कोपरा सोडून त्या दोन बाजूंची उरलेली टोकं जोडा. समजा कर्ण 100 फूट भरला. जागेचे दोन त्रिकोण झाले. 60-80-100 हा काटकोन त्रिकोण 2400 चौरस फुटांचा. 100-100-120 चा त्रिकोण हिरोच्या सूत्रानं (तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ देणारं सूत्र) 4800 चा. बेरीज 7200. आठशे फूट हवेत गेले.

बरं, कर्ण 100 च भरेल असंही नाही. बाजू त्याच ठेवा आणि कर्ण 40 फूट येऊ द्या. अशी जागाही असू शकते, कागदावर कंपासनं काढून पाहा. तिचं क्षेत्रफळ येतं सुमारे 3035 चौरस फूट. चारही बाजू फुटाफुटाला त्याच, पण एक जागा साडेसहा गुंठ्यांच्या वर आणि दुसरी पावणेतीन. मेसेजचं उत्तर दोन्हीला 8000! सांधे ढिले झालेली खाट एका कोपऱ्याकडे रेटली की चेपते, तसं हे आहे. गाते, म्हणजे कडेचे दांडे, तेवढेच राहतात, आतली जागा कमी होते. चार बाजूंनी चौकोन पक्का होत नाही, त्रिकोण मात्र तीन बाजूंनी पक्का होतो. म्हणून तर तुकडे पाडायचे.

आणि हे सूत्र चुकतं ते कधी इकडे, कधी तिकडे असंही नाही. ते नेहमी जास्तच दाखवतं. फक्त जागा काटकोनी आयत असेल तेव्हाच बरोबर येतं, आणि आयताला सूत्र हवंय कुणाला? म्हणजे प्रत्येक वाकड्या प्लॉटमध्ये फायदा विकणाऱ्याचा. हा मेसेज मुळात कुणी लिहिला असेल, यावर मला अधिक बोलायचं नाही.

आता 'प्राचीन भारतीय' हा भाग. इथं थोडं मान्य करावं लागतं. ब्रह्मगुप्त या गणितज्ञानं 628 साली हा नियम खरोखर लिहून ठेवलाय. (इजिप्तमध्ये एडफूच्या देवळाच्या भिंतींवरही शेतांची क्षेत्रफळं याच हिशोबानं कोरलेली आहेत, तेव्हा मक्ता एकट्या आपला नाही.) पण मेसेजवाल्यानं श्लोक अर्धाच वाचलाय. ब्रह्मगुप्त या उत्तराला 'स्थूल' म्हणजे ढोबळ म्हणतो आणि 'सूक्ष्म' म्हणजे नेमक्या उत्तरासाठी तिथंच दुसरं सूत्र देतो. त्या सूत्रानं वरच्या बाजूंचं उत्तर येतं साधारण 7589. या चार बाजूंत जास्तीत जास्त इतकीच जमीन मावते, तीसुद्धा चारही कोपरे एका वर्तुळावर येतील तेव्हा. 8000 तर मावतच नाहीत.

आणि भास्कराचार्य? आपल्याच चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवानं, चांगदेवानं, मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. 1150 च्या 'लीलावती'त त्यांनी नेमकी हीच गोष्ट धरली आहे. लंब किंवा कर्ण यांतलं एकही माप न सांगता चौकोनाचं ठरावीक क्षेत्रफळ विचारणाऱ्याबद्दल ते लिहितात, 'स पृच्छकः पिशाचो वा वक्ता वा नितरां ततः'. विचारणारा पिशाच्च, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा. इंग्रज यायच्या कितीतरी आधी आपल्याच माणसानं या मेसेजची वासलात लावून ठेवलीय. आता दडपलं कुणी आणि काय, ते पुढे पाठवणाऱ्यांनी सांगावं.

तुकडे पाडल्यानं क्षेत्रफळ बदलतं म्हणे. व्हिडिओत 8 बाय 8 चा चौरस चार तुकड्यांत कापून 5 बाय 13 चा आयत जुळवतात. 64 चे 65 होतात. जुना खेळ आहे. त्या आयताचा कर्ण सरळ नसतो. त्रिकोणाच्या तुकड्याचा उतार 8 ला 3, दुसऱ्या तुकड्याचा 5 ला 2, म्हणजे 0.375 आणि 0.4. मधे एक बारीक लांबट फट राहते आणि तिचं क्षेत्रफळ बरोबर 1 असतं. व्हिडिओत जाड मार्करनं रेघ मारून ती झाकली आहे.

तुकडे चुकीचे पाडले तर उत्तर चुकतं, एवढं मात्र खरं. 60 बाय 80 च्या जागेचा एक कोपरा 20 बाय 30 चा कापलेला आहे असं धरा. वर्गात निम्मी मुलं 60 गुणिले 50 आणि 40 गुणिले 80 करून 6200 लिहितात. मधला 40 बाय 50 चा भाग दोनदा धरला जातो. बरोबर तुकडे म्हणजे 60 बाय 50 आणि 40 बाय 30, एकूण 4200. नाहीतर पूर्ण 4800 मधून कापलेले 600 वजा करा, तेच येतं. दोन रस्त्यांनी एकच उत्तर आलं की समजायचं जमलं. मेसेजच्या सूत्राला तर इथं काही करताच येत नाही. सहा बाजूंत समोरासमोरच्या कोणत्या धरायच्या?

मोजणी खात्याची जुनी पद्धत काही वेगळी नव्हती. शंकू (काटकोन धरायचं साधन) आणि मोजायची साखळी घेऊन शेतातून मधली रेघ धरायची, प्रत्येक कोपऱ्यातून तिच्यावर लंब टाकायचा, की शेताचे काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन होतात. मापं टिपणावर, हिशोब गुणाकार बुकात. आठवीच्या पुस्तकात अनियमित जागेचं क्षेत्रफळ असंच काढायला दिलंय. आता यंत्रं आली, तरी कोपरा कुठं आहे हे मोजावंच लागतं.

तारेचा मुद्दा एका ओळीचा. वरच्या कापलेल्या जागेला 280 फूट कुंपण लागतं आणि न कापलेल्या पूर्ण आयतालाही 280 च. जमिनीत फरक 600 चौरस फुटांचा.

राहिला गुंठा. साखळी 33 फुटांची, 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. तोंडी अंदाजाला हजार धरतात, मीही धरते. पण व्यवहाराला नाही. सातबाऱ्यावर तर हेक्टर-आर असतं आणि आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित लहान. वरची पहिली जागा या मेसेजच्या दोन्ही नियमांनी पुरे आठ गुंठे होते. खरी आहे 6.61 गुंठे. जुन्या भाषेत (गुंठ्याचे सोळा आणे) एक गुंठा सहा आणे जमीन, जी कुठंच नाही, तिचे पैसे द्यायचे.