मिळाली!

आज सकाळी माझी मावसनणंद भेटायला आली होती. येताना तिने जाड पुठ्ठ्याची एक देखणी डायरी आणली. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत ‘कृतज्ञता’ असे छापले आहे आणि आत प्रत्येक पानावर, आज ज्यांच्याबद्दल आभार मानावेत अशा तीन गोष्टींसाठी तीन रेघा आखल्या आहेत. ‘‘वहिनी, रोज तीन लिहायच्या. कॅन्सर निम्मा मनानेच बरा होतो,’’ असे ती म्हणाली. मी हसून डायरी घेतली, चहा विचारला, आणि ती गेल्यापासून जो संताप डोक्यात बसला आहे तो दुपारची झोप काढूनही उतरलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे. (ती फेसबुकवर आहे. वाचेलच. वाचू दे.)

निम्मा आजार मनाने बरा होत असेल, तर जे बरे होत नाहीत त्यांचे मन कमी पडले म्हणायचे का? केमोच्या डेकेअरमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर सलाइन लावून बसणारी, भिंतीवरच्या टीव्हीतल्या पाककृती मन लावून वहीत उतरवून घेणारी पोर आता दिसत नाही. तिच्या आईपुढे उभे राहून हे वाक्य कोणी म्हणून दाखवावे. मन खचले की उपचार सोसणे जड जाते, एवढे मी मान्य करते. त्यापुढे एक पाऊलही नाही.

आणि आभार मानायला मला कोणी शिकवायला नको. तिसऱ्या केमोच्या आदल्या दिवशीची गोष्ट सांगते. शस्त्रक्रियेत माझ्या डाव्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, त्यामुळे त्या हाताला सुई टोचायची नाही, रक्तदाबाचा पट्टाही बांधायचा नाही. सगळा भार उजव्या हातावर. केमोच्या त्या लाल औषधाने उजव्या हाताच्या शिरा सुतळीसारख्या कडक झालेल्या. घराजवळच्या लॅबमध्ये एका नव्या मुलाने तीनदा सुई घातली, तीनदा आतल्या आत फिरवली, आणि तिन्ही वेळा नळी कोरडीच राहिली. मग आतून एक वयस्कर सिस्टर आल्या. त्यांनी स्टूल ओढले, गरम पाण्याचा स्टीलचा पेला माझ्या हातात दिला आणि पाच मिनिटे नुसत्या गप्पा मारल्या. मेथीची जुडी किती महाग झाली, वगैरे. नंतर डोळे मिटून बोटाने माझे मनगट चाचपत राहिल्या. ‘‘ताई, हात सैल सोडा. मिळाली बघा!’’ नळीत काळपट लाल रक्त चढताना पाहून मी ढसाढसा रडले. ह्यांना वाटले, फार दुखले.

ती माझी आनंदाची बातमी होती. त्याच संध्याकाळी आलेल्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल्स (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १७४० आले, म्हणजे डॉक्टरांनी घालून दिलेल्या १५०० च्या वर, म्हणजे केमो पुढे ढकलायची नाही, ही दुसरी. उपचार चालू असताना चांगली बातमी असते ती एवढ्या मापाची असते, आणि ती त्या दिवशी त्या माणसालाच कळते. ‘‘आजाराने तुम्हाला जगायला शिकवले असेल ना?’’ असे मला किमान सात-आठ जणांनी विचारले आहे. मी चोपन्न वर्षांची आहे. मला जगता येत होते.

सुरुवातीला दुसरे मत घेण्यासाठी आम्ही परळला टाटा रुग्णालयात गेलो होतो, तेव्हा बाकावर मराठवाड्यातल्या एका बाईंशी ओळख झाली. नवऱ्याच्या तोंडाचा कॅन्सर, नाकातून नळी, आणि उपचारासाठी येऊन दोघे कित्येक दिवस फुटपाथवर प्लॅस्टिकच्या आडोशाला राहत होते. त्या दिवशी त्या जवळ सरकून, जणू गुपित सांगावे तशा म्हणाल्या, ‘‘दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागा मिळाली.’’ पुढे लॅबमधल्या सिस्टरांच्या तोंडून ‘मिळाली’ ऐकले तेव्हा मला त्या बाईंचाच चेहरा आठवला होता. त्यांना तीन रेघांची डायरी द्यायची कोणाची छाती आहे? त्यांना खोली हवी होती, आणि ती देणाऱ्यांनी ती दिली.

डायरी लिहून काहींना बरे वाटत असेल, नाही म्हणत नाही. माझे लवकर कळले, हेही भाग्यच. पण ते भाग्य मी मोजीन, माझ्या वतीने पाहुण्यांनी मोजू नये.

एवढे लिहून झाल्यावर आता थोडे वेगळे वाटू लागले आहे. माझ्या मावससासूबाईंना हाच आजार होता. त्या काळी घरात कॅन्सर हा शब्दसुद्धा कोणी उच्चारत नसे, ‘गाठ’ म्हणत, तेही स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात. नणंद तेव्हा कॉलेजात होती आणि शेवटपर्यंत तिला कोणी काही सांगितले नाही. आज ती दोन बस बदलून आली, न सांगता मास्क लावून बसली, हात धुऊनच माझ्याजवळ आली. आमसुलाचे सारही आणले होते. आठ दिवस तोंडात नुसती लोखंडाची चव होती. आज त्या साराचा आंबटपणा जिभेला लागला. मी दोन वाट्या प्यायले आणि हे तिला सांगायचे राहूनच गेले. त्या वाक्याचा राग मात्र कायम आहे.

डायरी वाया जाणार नाही. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्री कितीही वाजता फोन करा, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे, आणि आजवर मी ताप दुधाच्या हिशेबाच्या कागदामागे लिहीत होते. सकाळ, दुपार, रात्र: रेघा बरोबर तीन आहेत.

आत्ताचा ताप ९८.६. उद्या सकाळी सात वाजता रक्त द्यायला जायचे आहे. त्या सिस्टर सुट्टीवर नसल्या म्हणजे झाले.