‘हाय प्रायॉरिटी’ने काम दुप्पट वेगाने होते का?

‘टास्क मॅनेजर उघडा, प्रोग्रॅमवर उजवी क्लिक करा आणि त्याची प्रायॉरिटी हाय किंवा जमल्यास रिअलटाइम करा, जड काम दुप्पट वेगाने होईल, नुकसान काहीच नाही, आणि एकदा केले की कायमचे झाले.’ विंडोज वापरणाऱ्यांमध्ये हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातील कृती ढोबळमानाने बरोबर सांगितली आहे, पण तिच्या फळाविषयीचे एकही विधान टिकत नाही.

आधी दुप्पट वेगाचे पाहू. प्राधान्य, म्हणजेच प्रायॉरिटी, वाढवल्याने प्रोसेसरची ताकद वाढत नाही. एकाच कोअरसाठी (प्रोसेसरमधल्या एका गणक-भागासाठी) दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या दोन धारा, ताटकळत असतील, तर आधी कोणाला सोडायचे एवढेच त्यावरून ठरते. रांगच नसेल तर पहिला क्रमांक मिळून उपयोग काय? समजा, व्हिडिओचे रूपांतर करणारा प्रोग्रॅम प्रोसेसरचा ९७ टक्के वेळ आधीच वापरतो आहे आणि त्याला ६० मिनिटे लागतात. उरलेल्या सगळ्या प्रोग्रॅमना पूर्ण गप्प बसवले तरी हिशेबाने काम ५८ मिनिटांच्या आसपास संपेल. अडथळा डिस्कचा, मेमरीचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा असेल, तर ही दोन मिनिटेही वाचत नाहीत.

‘नुकसान काहीच नाही’ हे विधान मात्र नुसते चूक नाही, धोक्याचे आहे. विंडोजमध्ये थ्रेडच्या प्राधान्याच्या ० ते ३१ अशा पातळ्या असतात. नॉर्मल वर्गाची मूळ पातळी ८, हायची १३ आणि रिअलटाइमची २४ आहे. नॉर्मल वर्गातला एखादा थ्रेड काही सेकंद उपाशी राहिला, तर विंडोज त्याची पातळी तात्पुरती उचलून त्याला थोडा वेळ मिळवून देते; पण ही उचल १५ च्या वर जात नाही, त्यामुळे २४ वर बसलेल्या थ्रेडपुढे तिचे काही चालत नाही. सगळे कोअर व्यापणारे काम रिअलटाइमवर टाकले, तर माउस अडखळू शकतो आणि डिस्कवर लिहायचा मजकूर खोळंबून राहू शकतो. प्रशासकाचा अधिकार नसेल तर विंडोज रिअलटाइमची मागणी हायवरच थांबवते, आणि हा सल्ला पाळूनही अनेकांचे काही बिघडले नाही, त्यामागे हेही एक कारण असावे.

वरचे प्राधान्य म्हणजे हमखास आधी काम, हेही खरे नाही. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार रीसेट होऊ लागला, तेव्हा असे आढळले की हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या खालच्या प्राधान्याच्या कामाने एक कुलूप (सामायिक गोष्ट एका वेळी एकाच कामाला वापरू देणारी खूण) धरून ठेवले होते, मधल्या प्राधान्याची कामे त्याला पुढे सरकू देत नव्हती आणि वरच्या प्राधान्याचे एक महत्त्वाचे काम त्याच कुलपासाठी अडले होते. उपाय पृथ्वीवरून पाठवावा लागला: कुलूप धरणाऱ्या कामाला, ते सुटेपर्यंत, वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य द्यायचे.

कायमपणाबद्दल फार लिहायला नको. टास्क मॅनेजरमधला बदल त्या चालू प्रोग्रॅमपुरता असतो. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की तो जुन्या प्राधान्यावर येतो.

मग ही सोय निरुपयोगी आहे का? नाही, ती उलट्या दिशेने वापरायची आहे. प्राधान्याचा खरा उपयोग वेळेवर प्रतिसाद मिळण्यासाठी असतो, म्हणून वरचे प्राधान्य शोभते ते ध्वनीसारख्या कामाला, जे प्रत्येक वेळी क्षणभरच चालते पण उशीर झाला तर आवाज तुटतो. तासन्‌तास चालणाऱ्या जड कामाला ‘बिलो नॉर्मल’, म्हणजे नॉर्मलच्या खालचे प्राधान्य, द्यावे. मोकळा प्रोसेसर त्याला पूर्वीइतकाच मिळतो आणि तुम्ही टंकलेखन करू लागलात की ते बाजूला होते. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर हेच काम ‘नाइस’ ही आज्ञा करते. तिथे मूल्ये उणे २० ते १९ अशी असून मोठा आकडा म्हणजे खालचे प्राधान्य. एकाच कोअरवर ० आणि ५ अशी दोन सतत चालणारी कामे एकमेकांसमोर आली, तर वेळ साधारण तीनास एक असा वाटला जातो, आणि ० वाले काम थांबले की ५ वाल्याला तो कोअर पूर्ण मिळतो.