शेजारणीची सुरी आणि धडगावची बाई

गेल्या आठवड्यात धुळ्याहून दादाचा फोन आला. जादूटोणाविरोधी कायद्यावरून त्यांच्या कट्ट्यावर जोरात वाद झाला होता. त्याचं म्हणणं असं, "अगं, तुमच्या इंग्लंडात चेटकिणी राजरोस पूजा करतात, जनगणनेत त्यांची नोंद होते. तिथल्या सरकारने चेटकाविरुद्धचा कायदा 1951 मध्येच मोडीत काढला. मग आपल्यालाच 2013 मध्ये नवा कायदा कशाला लागला?" फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

नोंदीचं खरं आहे. इंग्लंड-वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत सुमारे 13 हजार लोकांनी आपला धर्म 'विक्का', म्हणजे आधुनिक चेटकिणींचा पंथ, असा लिहिला. माझी शेजारीण त्याच पंथातली. लँकेस्टरमध्ये आमच्या दोघींच्या घरांची भिंत एकच आहे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांचा इम्बोल्क असतो, हिवाळ्याची पकड सुटू लागते तेव्हाचा सण. त्या दिवशी तिने मला देव्हारा पाहायला बोलावलं. देव्हारा हा माझा शब्द, ती ऑल्टर म्हणते. खिडकीखालच्या कपाटावर कापड अंथरलेलं, त्यावर मेणबत्त्या, मिठाची आणि पाण्याची वाटी, पेला, लाकडी छडी, पाच टोकांची चांदणी कोरलेली तबकडी म्हणजे पेंटॅकल. आणि काळ्या मुठीची दुधारी सुरी. हिला अथामे म्हणतात. मी हात पुढे केला तसा तिने तो हलकेच अडवला. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय शिवायचं नसतं. मग तिनेच ती माझ्या तळहातावर ठेवली. धारेवरून अंगठा फिरवून पाहिला तर बोथट! या सुरीने काही म्हणजे काही कापत नाहीत, पावसुद्धा नाही. या सुरीने फक्त हवेत वर्तुळ आखायचं आणि त्याच्या आत पूजा करायची. रोझमेरीची काडी तोडायला पांढऱ्या मुठीची वेगळी सुरी असते, ती बोलीन. कोपऱ्यात काटक्यांचा झाडू उभा होता, बीझम. पूजेआधी तो जमिनीला न टेकवता फिरवतात, कारण झाडायचं असतं ते अमंगळ. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आई नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहायची, ते आठवून मला भरून आलं.

तिचे मंत्र आणि विधी एका वहीत हाताने उतरवलेले आहेत, बुक ऑफ शॅडोज. बरोबर पूजा करणाऱ्यांचा गट म्हणजे कव्हन. वर्षाचे आठ सण ते सॅबॅट, पौर्णिमेची बैठक ती एसबॅट. आणि सगळ्यावर एक नियम : कुणाला इजा होणार नसेल तर मनाला येईल ते कर. हे सगळं युगानुयुगांचं आहे असा दावा पूर्वी व्हायचा. पण जेराल्ड गार्डनर या निवृत्त कस्टम्स अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या मध्याला त्याला आजचं रूप दिलं, आणि त्यातली बरीचशी प्रार्थना डोरीन व्हॅलियंटे या बाईने लिहिली. शेजारीण हे मोकळेपणाने सांगते. नवा म्हणून पंथ खोटा ठरत नाही, असं मलाही वाटतं.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर टेकडीवर किल्ला आहे. तिथे चाललेल्या चेटकाच्या खटल्यानंतर 20 ऑगस्ट 1612 ला दहा जणांना फाशी दिली, आठ बायका आणि दोन पुरुष. सुरुवात कशी झाली? एका गरीब मुलीने फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या, त्याने नाकारल्या आणि थोड्याच वेळात तो कोसळला. बहुधा पक्षाघात. त्या मुलीची आई एलिझाबेथ डिव्हाइस हिच्याविरुद्ध तिच्याच साधारण नऊ वर्षांच्या धाकट्या लेकीची साक्ष घेतली. या दहांपैकी कुणाकडे अथामे नव्हती. ते विक्कन नव्हतेच. आणि तारीख वाचली की माझ्या पोटात कालवतं, कारण 20 ऑगस्टलाच, 2013 मध्ये, पुण्यात डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या.

आता कायदा. दादा, इंग्लंडने 1951 मध्ये रद्द केला तो 1735 चा कायदा मुळात चेटकिणींना मारणारा नव्हताच. चेटूक हा गुन्हा 1735 मध्येच संपला होता, शिक्षा उरली होती ती अंगात शक्ती असल्याचं सोंग करणाऱ्याला. आणि 1951 च्या ज्या कायद्याने तो गेला, त्याच कायद्याने मृतात्म्यांशी बोलून देतो म्हणत पैसे उकळणाऱ्या भोंदूंना शिक्षा ठेवली. 2008 मध्ये त्याची जागा ग्राहकसंरक्षणाच्या नियमांनी घेतली, पण फसवणूक माफ झाली नाही. आणि इंग्लंड यातून पुरतं सुटलंय असंही नाही. 2010 च्या नाताळात लंडनमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाला, चेटूक करतो म्हणून, सख्ख्या बहिणीने आणि तिच्या जोडीदाराने छळून मारलं.

आपला कायदा तरी काय बंद करतो? पूजा, प्रदक्षिणा, यात्रा त्याने स्पष्टपणे बाहेर ठेवल्या आहेत. परिशिष्टात बारा कृत्यं आहेत, आणि एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्कील करणं हे त्यांतलं एक. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. शेजारीण नंदुरबारला राहत असती तर तिच्या बोथट सुरीला या कायद्याने हातही लावला नसता. उलट गाव तिच्या अंगावर धावून आलं असतं तर हाच कायदा तिच्या बाजूने उभा राहिला असता.

मला खुपतो तो दादाच्या वाक्यातला 'चेटकीण' हा शब्द. शेजारीण 'विच' हे नाव स्वतः, अभिमानाने घेते. आपल्याकडे सातपुड्यात 'डाकीण' हे नाव कुणी घेत नाही, ते लावतात. घरात मूल दगावतं, गाय मरते, भगत बोट दाखवतो.

दादा, आपल्याकडे धुणंभांडी करायला धडगावकडची बाई यायची, आठवते ना? दिराचा मुलगा तापाने गेला आणि तिच्यावर आळ आला. रातोरात निघून आली तेव्हा गाठोड्यात दोन लुगडी आणि एक ॲल्युमिनियमचा तांब्या होता. सुरी नाही, छडी नाही, वही नाही. लिहितावाचता येत नव्हतं तिला. आपल्याकडे अकरा वर्षं होती. भाचीच्या लग्नाचा निरोप आला तेव्हा आईने एसटीचे पैसे हातावर ठेवले होते. तिने ते चार दिवस पदराच्या गाठीत ठेवले आणि परत आणून दिले.