सीनियर नाही, स्टिफ!

रिटायर झाल्यावर माणसाने एक तर सकाळी अंबाझरीला फिरायला जावं, नाही तर घरी बसून बायकोच्या भाजीत चुका काढाव्यात. पहिल्याने गुडघे दुखतात, दुसऱ्याने जेवणाचे वांधे होतात. मी गोल्फ धरला. शाळेतला मित्र फौजेतून निवृत्त झालेला. त्याने पाहुणा म्हणून मैदानावर नेलं आणि माझा पहिलाच फटका असा सणसणीत बसला, की हातात जादू आहे याबद्दल माझी खात्री पटली. तो योगायोग होता हे कळायला आठ महिने लागले. तोवर पैसे गेले होते.

मित्र म्हणाला होता, "काठ्यांचा अर्धा सेट घे. एक वूड, चार आयर्न, वेज आणि पटर, बस झालं." पण नियमात 14 काठ्या चालतात म्हटल्यावर सातावर भागवायचं? लग्नाच्या पंगतीतून अर्ध्या जिलेबीवर कोणी उठतं का?

दुकानातल्या पोराने मला चार वेळा हवेत काठी फिरवायला लावली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काकाजी, तुम्हाला सीनियर शाफ्ट बराबर राहीन."

'काकाजी' आणि 'सीनियर', एकाच वाक्यात! रेल्वेने 2020 साली सीनियरची सवलत बंद केली, ती हा पोरगा दुकानात चालू करून राहिला होता. बिचाऱ्याने समजावलंही. शाफ्ट म्हणजे काठीचा दांडा, सीनियरचा लवचीक असतो, त्याने हळू फिरवणाऱ्याला मदत होते. कडक दांड्याला तसाच झटका लागतो, नाही तर काठीचं तोंड वेळेवर सरळ होत नाही आणि बॉल उजवीकडे पळतो. ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, तोही 12 अंश तिरक्या तोंडाचा घ्या, बॉल सहज उचलला जातो. सगळं ऐकून घेतलं आणि स्टिफ, म्हणजे कडक दांड्याचा, 9 अंशांचा ड्रायव्हर घेतला. हीच काठी टीव्हीवरच्या पोरांना शोभते, तर मला का नाही?

मैदानाच्या उजवीकडे बाभळी होत्या. पुढचे काही महिने मी गोल्फ कमी आणि बाभळीच जास्त खेळलो. हरवलेला बॉल शोधायला नियमाने तीनच मिनिटं मिळतात. पहिली दोन काटे काढण्यात जायची. मे महिन्यात पारा 45 वर, म्हणून पहाटे साडेपाचला सुरुवात, तरी नवाच्या आत अंगाचं भरीत. काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी पोरगा एक दिवस न राहवून बोलला, "काकाजी, तुम्ही बॉल मारायच्या आधीच तो कुठं गेला ते पाहून राहिले न!"

खरं होतं. मान लवकर उचलायची सवय. बँकेच्या काउंटरवर पस्तीस वर्षं 'पुढचा कोण' म्हणून तेच तर केलं होतं.

मग मित्राने दटावलं, "ड्रायव्हर ठेव बाजूला, आधी पटिंग सुधार." पटिंग म्हणजे बॉल हलकेच भोकात ढकलणं. गोल्फच्या भोकाची रुंदी 108 मिलिमीटर. घरात टेप घेऊन हिंडलो, तर अगदी त्याच तोंडाचा दुधाचा छोटा गंज सापडला. सतरंजीवर तो आडवा ठेवून रोज पन्नास बॉल मारायला लागलो.

"अहो, मग मी दूध कशात तापवू? तुमच्या टोपीत?"

दुसरा गंज आणावा लागला. पण एवढ्या महिन्यांत कामाला आलेली खरेदी ती एकच. भोकाजवळ तीन-तीन फटके लागायचे तिथे आता दोनात काम व्हायला लागलं.

शेवटी मान खाली घालून त्याच दुकानात गेलो. पोराने एक शब्द न बोलता 12 अंशांचा, सीनियर दांड्याचा ड्रायव्हर काढून दिला. जुना आता घरी जाळे काढायला आहे. त्या कामाला दांडा कडकच लागतो, असं सौभाग्यवतींचं मत.

नवा ड्रायव्हर सरळ जातो. लांब नाही, पण बाभळी सुटल्या. त्यावर लिहिलेलंही मला फार आवडलं. कडक दांड्यावर 'एस' असतो, साध्यावर 'आर', आणि सीनियरवर चक्क 'ए'. परवा एका नवख्या साहेबांनी विचारलं, "हा 'ए' म्हणजे काय हो?"

"ग्रेड," मी म्हणालो.

कॅडी पोरगा बाभळींकडे पाहत होता. त्याचे खांदे हलून राहिले होते.