असल्यास, नसल्यास

नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही म्हणून ग्रामपंचायतीसमोर हंडे वाजवायचे दिवस आता गेले. हंड्याला पोचे पडतात आणि पेपरात फोटो येतो तो पुढाऱ्याचा. तुम्ही शहाणे असाल तर आपला प्रश्न थेट सभागृहात पाठवा. तापीकाठचा माणूस शहाणा असतोच. शेजारून नदी वाहत असताना टँकर मागवायला काही कमी अक्कल लागत नाही.

आधी तक्रारीचा प्रश्न करायला शिका. ‘पानी कव्हय येई, भाऊ?’ हा काही प्रश्न नव्हे, ही कटकट झाली. प्रश्न असा असतो : मौजे अमुक, तालुका तमुक, जिल्हा जळगाव येथील नळ पाणीपुरवठा योजनेचे काम होऊनही ग्रामस्थांना पाणी मिळत नसल्याचे माहे एप्रिलमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

यातलं ‘वा त्यादरम्यान’ गाळू नका. तुमचा नळ तीन वर्षं कोरडा असेल, तर ती तिन्ही वर्षं त्या दोन शब्दांत आरामात बसतात.

आता सभागृह कोणतं, ते ठरवा. दिल्लीचा मोह सगळ्यांनाच होतो. जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार असे आपले चार खासदार तिथे बसतात. लोकसभेत अकरा ते बारा प्रश्नांचा तास. रोज वीस तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचे, आणि दोनशे तीस अतारांकित, म्हणजे लेखी उत्तरावर भागवायचे. पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची आणि मग नंबर लागतो चिठ्ठीने. तासाभरात गाडी पाच-सहा प्रश्नांच्या पुढे क्वचितच सरकते, गोंधळ झाला तर पहिल्याच स्टेशनात उभी. उरलेल्यांची उत्तरं पटलावर ठेवली जातात. तारांकित प्रश्नांची यादी हिरव्या कागदावर छापायची पद्धत आहे. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, खान्देशच्या नावावर तेवढंच हिरवं.

पण एवढं सगळं जुळून आलं, तरी पाण्याबद्दल दिल्लीचं उत्तर एका वाक्यात सुरू होतं : पेयजल हा राज्याचा विषय आहे. दवाखान्याचं विचाराल, तर आरोग्यही राज्याचा विषय आहे. तेव्हा विधानसभेसाठी मुंबई गाठा, किंवा थंडीत नागपूर.

प्रश्न गेला की तुम्हाला वाटेल, आता मंत्रीसाहेब विचारात पडले असतील. तसं नसतं. उत्तर कसं तयार होतं हे ज्याला कळलं, त्याला रात्री शांत झोप लागते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मंत्रालयातून जिल्हा परिषदेला निरोप येतो : एलएक्यू (म्हणजे विधानसभेचा प्रश्न) आलाय, आजच्या आज माहिती द्या. कचेरीत या शब्दाला जेवढे लोक घाबरतात, तेवढे ते भूकंपालाही घाबरत नाहीत. कार्यकारी अभियंता कागदावर ‘अत्यंत तातडीचे, अधिवेशन’ असं लाल शाईत लिहून तो तालुक्याच्या उपअभियंत्याकडे ढकलतात. उपअभियंता शाखा अभियंत्याकडे. शाखा अभियंता ग्रामसेवकाला व्हॉट्सअ‍ॅप करतो. (ग्रामसेवकांना हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पदनाम वाढलं, गावं तेवढीच दोन-तीन एकेकाच्या गळ्यात.) तो बिचारा नेमका दुसऱ्या गावाच्या ग्रामसभेत अडकलेला असतो. मग तो फोन करतो. कोणाला? तुम्हालाच.

‘आबा, तुमना गल्लीमा पानी येस का?’

‘नही येत, भाऊ.’

‘पन नळ शे ना?’

‘नळ शे.’

‘मंग बस्स.’

इथून उत्तर परत वर चढायला लागतं. ग्रामसेवक लिहितो, नळजोडणी देण्यात आली आहे. शाखा अभियंता त्याचं करतो, शंभर टक्के नळजोडणी पूर्ण. उपअभियंता करतो, योजना कार्यान्वित. जिल्हा परिषदेत थोडी संकोची माणसं असतात, ती म्हणतात, अंशतः खरे आहे. मंत्रालयातल्या टेबलावर ‘अंशतः’ हा शब्द अडचणीचा वाटतो, कारण त्यावर उपप्रश्न येतात. म्हणून सभागृहात छापील उत्तर पोचतं ते असं : हे खरे नाही. आणि पहिल्याच भागाचं उत्तर ‘हे खरे नाही’ असलं, की दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या भागापुढे लिहायला एकच ओळ पुरते : प्रश्न उद्भवत नाही.

बघा, मुळात पाणी मागणारे तुम्ही, पाणी येत नाही ही माहिती देणारे तुम्ही, आणि ते खरे नाही हे वाचणारेही तुम्हीच. यापेक्षा लोकांच्या जवळचा कारभार आणखी कोणता असतो?

यावर चिडण्यापेक्षा गणित करा. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झालं, तेव्हा २०२४ पर्यंत घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी ठरलं होतं. नंतर मुदत २०२८ पर्यंत गेली. पाणी आठ दिवसांनी येत असेल, तर माणशी ४४० लिटर एकदम यायला हवं, म्हणजे पाच माणसांच्या घराला २,२०० लिटर. एवढं साठवायची भांडी तुमच्या घरात आहेत का? नसतील, तर योजनेला नावं ठेवण्यापूर्वी टाकी घ्या.

सातपुड्यातल्या वाचकांना मात्र माझा सल्ला वेगळा आहे. त्यांनी प्रश्न विचारताना तो एकाच खात्याचा राहील याची काळजी घ्यावी. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, हा आपला मान. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर तोच अंगठा रेशनच्या मशीनवर टेकवायचा, तर आधी रेंज शोधत टेकडी चढावी लागते. आता रेशन दुकान राज्याचं, टॉवर केंद्राच्या खात्याचा, टेकडी वन विभागाची आणि दमलेली माणसं आदिवासी विकास विभागाची. असा प्रश्न चार खात्यांच्या मधल्या नाल्यात पडतो आणि मग पावसाळ्यात वाहून जातो.

रुग्णवाहिकेचंही तसंच. ‘रुग्णवाहिका उपलब्ध आहे काय?’ असं विचारलंत तर ‘होय’ असं उत्तर येईल, आणि ते खरंही असेल. ती डांबर संपतं तिथे उभी असते. तिथपर्यंत बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळीतून आणायचं. त्याला पेपरवाल्यांनी ‘बांबूलन्स’ असं नाव दिलं आहे. बांबूलन्सला चालक लागत नाही, डिझेल लागत नाही, चार खांदे लागतात, आणि खांदे हा कोणत्याच खात्याचा विषय नाही. नंदुरबारला २०१८ पासून आकांक्षित जिल्हा म्हणतात. आकांक्षा बाळगायला तरी केंद्राची रीतसर मंजुरी मिळाली, हे विसरू नका.

चर्चेबद्दल फार सांगत नाही. लक्षवेधी सूचना लागली तर लक्ष वेधलं जातं, आणि मंत्री म्हणतात, सन्माननीय सदस्यांच्या भावना लक्षात घेऊन अधिवेशन संपण्यापूर्वी बैठक लावू. विधानसभेच्या नियम २९३ खालची चर्चा असली, तर आपल्या आमदारांचा नंबर रात्री उशिरा येतो, समोरची बाकं रिकामी असतात आणि ते खान्देशवरच्या अन्यायावर जीव तोडून बोलतात. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर क्लिप फिरते, खाली वीररसाचं संगीत : भाऊंनी सभागृह दणाणून सोडलं! तुम्ही ती लगेच स्टेटसला ठेवा. समोर कोण बसलं होतं हे कॅमेऱ्यात दिसत नाही, आणि तुम्हीही विचारू नका.

संसदेत आश्वासनांसाठी वेगळी समितीच आहे. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ एवढं म्हटलं तरी ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करावं लागतं. नाही झालं तर मुदत वाढवून मागायची. आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदाही आहे. दाखला वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे त्यात. गल्लीत कोणाला असा दंड झाल्याचं माहीत आहे का, विचारून पाहा. उत्तर बहुधा ‘निरंक’ येईल. निरंक म्हणजे सगळं आलबेल.

धीर सुटत असेल तर रेल्वेकडे पाहा. मनमाड-इंदूर मार्गासाठी धुळेकरांच्या किती पिढ्यांनी निवेदनं दिली! सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली : ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. म्हणजे मागितलेलं मिळतं. फक्त मागणाऱ्याने आपलं तिकीट नातवाच्या नावावर काढायची तयारी ठेवावी. उलट पाचोरा-जामनेरची छोटी रेल्वे, आपली ‘पीजे’, कोणी बंद करा म्हणून मागितलं नव्हतं, ती २०२० मध्ये कोरोनात एका फटक्यात थांबली, आणि आता रुंद होऊन येणार म्हणून थांबलेलीच आहे.

शेवटी नागपूरचं. हिवाळी अधिवेशन आणि वांग्याच्या भरताचा हंगाम एकाच वेळी येतात, ही खान्देशावर देवाची कृपा. निवेदनाची फाइल एका हातात घेतलीत, तर दुसऱ्या हातात बामणोदच्या वांग्यांचं भरीत हवंच. आमदार निवासात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजू देत नाहीत, म्हणून घरूनच भाजून, ठेचून न्या; सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी आणि कांद्याची पात. पहिला डबा मात्र आमदारांना देऊ नका, त्यांच्या पीएला द्या. प्रश्न टाइप तोच करतो.